दसरा काढलेली मापं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मधुकाका बिवलकरांचं नाव घेतो. आईवडिलांच्याही आधी. आईला हे ठाऊक आहे आणि तिची त्याला हरकत नाही. "आमी जल्म दिला, त्येंनी उभं केलं," असं ती म्हणते.

मी करमाळ्याचा. वडील मार्केट यार्डात पोती उचलायचे, आई मंगल कार्यालयात भांडी घासायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. सोलापूरला इंजिनिअरिंग केलं, थोडे दिवस पुण्यात नोकरी केली आणि २००१ च्या उन्हाळ्यात कंपनीनं मिशिगनमधल्या ट्रॉयला पाठवलं. पानगळ सुरू व्हायच्या आत प्रोजेक्ट गेलं. मी 'बेंचवर' आलो. नोकरी कागदावर आहे, काम नाही, आणि कागद कधी फाटेल ते सांगता येत नाही, अशा अवस्थेला आम्ही लोक बेंच म्हणतो.

त्या दिवसांत तिथल्या मराठी मंडळाची कोजागरी एका शाळेच्या हॉलमध्ये होती. मी गेलो ते पोटभर जेवायला मिळेल म्हणून. हॉलच्या किचनमध्ये दूध आटत होतं आणि दोन काकू मोठ्या डावानं ग्लास भरत होत्या. तेवढ्यात एक उंच, सडपातळ गृहस्थ हातात स्टीलचा छोटा पेला घेऊन आत आले.

"कशानं वाढताय?"

"अंदाजे ओततोय हो मधुकाका. उरेल भरपूर."

"उरत नाही. दरवर्षी शेवटच्या रांगेतली पोरं अंदाजे दूध पितात. आपण पुढं बसतो म्हणून आपल्याला कळत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू रे? काय करतोस?"

"काही नाही, काका."

"उत्तम. काहीतरी करणाऱ्यांनीच सगळं बिघडवलंय. हा पेला धर. काठोकाठ भरायचा, थेंब सांडायचा नाही."

त्या रात्री शेवटच्या पोरापर्यंत दूध पुरलं, आणि मला आणि काकांनाही एकेक पेला उरला. पिता पिता त्यांनी गाव विचारलं. "करमाळा? मी मिरज," म्हणाले. तेव्हापासून त्यांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. त्यांची ती रीतच होती. मंडळात कुणी नगर होता, कुणी वर्धा होता. त्यांच्या बायकोला, सुनंदाकाकूंना, ते भांडण झालं की 'दादर' म्हणायचे.

"नोकरी?"

"बेंचवर आहे."

"म्हणजे बसायला तरी आहे," असं म्हणून ते हसले. मी हसलो नाही हे पाहिल्यावर थांबले. कुठं राहतोस, कुणाबरोबर, खोलीचं लीज कधी संपतं, सगळं विचारून घेतलं आणि लांबूनच ओरडले, "सुनंदा, हा करमाळा. उद्यापासून आपल्या बेसमेंटमध्ये राहील."

काकू चारोळ्यांचा डबा बंद करत होत्या. "मला विचारायची पद्धत नाहीच आमच्याकडे. भांडी आणताना विचारत नाहीत, माणूस आणताना काय विचारणार? ये रे बाबा. तू निदान जेवशील. ती नुसती बसून असतात."

ती कोण, ते दुसऱ्या दिवशी कळलं. काकांच्या घरात बैठकीच्या खोलीत, जिथं इतरांच्या घरी टीव्ही असतो, तिथं एक लाकडी मांडणी होती आणि तिच्यावर राखाडी-काळपट रंगाची, कानाची, पोटात फुगीर भांडी ओळीनं मांडलेली होती. एक मोठं, मग लहान, मग त्याहून लहान. मला वाटलं, गावाकडची जुनी भांडी हौसेनं आणली असतील. काका म्हणाले, "गावाकडचीच. पण यांच्या गावाकडची."

ती प्युटरची मापं होती. प्युटर म्हणजे बहुतेक सगळं कथील, कल्हईला लागतं ते, आणि त्यात थोडं तांबं, शिसं असं काहीबाही. दोनशे वर्षांपूर्वी इथल्या खानावळींत आणि दुकानांत रम, सायडर, काकवी, दूध या मापांनी मोजून देत. सगळ्यात मोठं गॅलनचं, सगळ्यात धाकटं जिल, म्हणजे कोजागरीच्या पेल्याएवढं. अमेरिकेत सापडणारी अशी बहुतेक मापं मुळात इंग्लंडहून आलेली. इथं घडवलेली फार थोडी, आणि त्यांतही तळाला कारागिराचा शिक्का असलेली त्याहून थोडी. काकांना फक्त शिक्क्याची हवी होती, आणि तीही कनेटिकटच्या एकाच कारागिराच्या घराण्याची. जिल, अर्धा पाइंट, पाइंट, क्वार्ट, अर्धा गॅलन, अशी चढत्या मापाची पाच होती. गॅलन नव्हतं.

काका मोटारीच्या कारखान्यांना लागणाऱ्या धातूंचे इंजिनिअर. मेटलर्जी शिकायला तरुणपणी आले आणि राहिले. पण मापांचं वेड त्याहून जुनं. त्यांचे वडील वजनमाप खात्यात होते. मिरजेच्या बाजारात दुकानदारांची मापं तपासून त्यांवर सरकारी शिक्का मारायचे. "शिक्का म्हणजे काय?" काका म्हणायचे, "कुणीतरी आधी मोजून पाहिलंय, तेव्हा आता तुम्ही निवांत घ्या."

त्या मापांवरून ते कुठंही पोचत. एकदा आम्ही पाचसहा जण जेवायला असताना म्हणाले, "यांचा गॅलन इंग्रजांच्या गॅलनपेक्षा लहान का, सांगा." कुणाला येत नव्हतं. "हा जुना, दारू मोजायचा गॅलन. इथं येताना लोक तो घेऊन आले. पुढं इंग्लंडनं आपलं माप बदललं. यांनी बदललं नाही. जे घेऊन आलो तेच खरं, म्हणून धरून बसले. आपलं काय वेगळं आहे? आपण निघालो त्या साली मिरजेत जशी मराठी बोलत होते, तशी मी अजून बोलतो. तिकडं गेलो की भाचे हसतात."

"मराठीला नाही हसत," काकू म्हणाल्या, "तुमच्या पँटींना हसतात."

त्या घरात मी वर्षभर राहिलो. जेवणाचे, राहण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. अट एकच, रविवारी त्यांच्याबरोबर गाडी घेऊन जुन्या वस्तूंच्या बाजारांत हिंडायचं. ओहायोतली कोठारं, चर्चच्या मागची मैदानं, शेतकऱ्यांचे लिलाव. काका भांडं हातात घेत ते आधी उलटं करत. नजर दुसरीकडेच असायची, अंगठा तेवढा तळावरून फिरायचा. शिक्का आहे की नाही ते अंगठ्याला आधी कळायचं. मग काठावर नखानं टिचकी मारून ऐकायचे.

एका दुकानदारानं त्यांना विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"ट्रॉय."

"तसं नव्हे, मुळात?"

काकांनी हातातलं माप वर केलं. "मुळात हे कनेटिकटचं आहे. मी ट्रॉयचाच."

दुकानदार मनापासून हसला. काका हसले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "एवढी वर्षं झाली रे, अजून पहिला प्रश्न तोच."

नोकरीसाठी त्यांनी मला बेसमेंटमध्ये बसवून इंग्रजीतून मुलाखतींचा सराव दिला. मी येत नसलेल्या प्रश्नांवरही काहीतरी बोलत राहायचो. आमच्या शाळेत गप्प राहिलं की छडी बसायची, ती सवय. काका टेबलावर हात आपटायचे. "अंदाजे नको! येत नसेल तर 'मला माहीत नाही' म्हण, आणि पुढं गप्प बस." पुढं एका ऑटोपार्ट कंपनीत मुलाखत झाली, तिथं मी खरंच तीनदा तसं म्हणालो. ज्यानं मला घेतलं तो नंतर म्हणाला, "आज आलेल्यांमध्ये ज्याला सगळं येत नव्हतं असा तू एकटा." मी त्या नोकरीवर टिकलो, व्हिसा टिकला, घरी पैसे जाऊ लागले, वडिलांनी पोती उचलणं सोडलं. हे सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे, असं मला वाटतं.

गॅलन सापडलं ते ओहायोत, एका म्हातारीच्या घरी. तिच्या दारात एका काळ्या भांड्यात छत्र्या उभ्या केलेल्या होत्या. ते विकत घ्यायला बरेच व्यापारी येऊन गेले होते आणि तिनं सगळ्यांना हाकललं होतं. तिच्या पणजोबांची खानावळ होती आणि त्यांच्याबद्दल गावात अजून बोललं जायचं की म्हातारा मापात मारायचा. काकांनी छत्र्या बाहेर काढल्या, तळावरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा बदलला. मी तो बदल ओळखत होतो. पण ते शिक्क्याबद्दल बोललेच नाहीत. म्हणाले, "पाणी मिळेल का?" गाडीतून त्यांनी आपला प्रयोगशाळेतला, मापाच्या खुणा असलेला काचेचा नळा आणला आणि तिच्या स्वयंपाकघरात ते भांडं भरून, ओतून, पुन्हा भरून मोजलं.

म्हातारी काठी टेकून उभी होती. "मग?"

मला वाटलं आता म्हणतील, बरोबर आहे, तुमचे पणजोबा प्रामाणिक होते. तसं म्हणायला काय लागत होतं? भांडं तिथंच हातात पडलं असतं.

"कमी आहे," काका म्हणाले. "फार नाही. पण दर गॅलनमागं दोनतीन घोट त्यांच्याकडे राहत असणार."

म्हातारी इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. "मला हे ठाऊकच होतं! माझ्या आईनं जन्मभर लोकांशी भांडणं केली यावरून." आणि भांडं तिनं काकांनाच दिलं. परतताना मी विचारलं, "काका, तिनं रागावून भांडं दिलंच नसतं तर?"

"मग नसतं मिळालं. मापाबाबत खोटं बोलून मिळवलेल्या मापाचं मी काय करू?"

सहा पुरी झाली आणि मग काकांच्या मनातलं बाहेर पडलं. आमच्या भागातल्या एका छोट्या संग्रहालयाला ती मापं द्यायची. एकत्र, जिल ते गॅलन, काचेच्या कपाटात, अमेरिकन मापं म्हणून. खाली एक कार्ड, त्यावर देणाऱ्याचं नाव. "एवढंच," म्हणाले. "शाळेची पोरं येतील, कार्ड वाचतील. बिवलकर हे नाव काही त्यांना धड उच्चारता येणार नाही. पण म्हणतील, आपली ही जुनी चीज या माणसानं जपली होती." संग्रहालयाच्या बाईंना त्यांनी फोटो पाठवले, चार पानी पत्र लिहिलं. त्यात धातूवर दोनशे वर्षांत चढलेल्या त्या काळपट कातडीबद्दलच दीड पान होतं. ती कातडी म्हणजेच वय, ती घासायची नसते. बाईंचं उत्तर आलं, २००५ च्या ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी त्या बघायला येणार होत्या.

त्याच वर्षी माझी आई आली होती. वडील आदल्या वर्षी गेले होते आणि मी तिला सहा महिन्यांसाठी आणलं होतं. माझ्या अपार्टमेंटमध्ये दिवसभर एकटी बसून ती कासावीस व्हायची. सुनंदाकाकू तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला सिअ‍ॅटलला गेल्या होत्या. मग मी आईला सकाळी काकांकडे सोडायला लागलो. ती भाकरी करायची, काका वांगी चिरून द्यायचे, आणि दोघं दुपारभर बोलत बसायची. तिनं आधी 'साहेब' म्हणून पाहिलं. काकांनी कानावर हात ठेवले, तेव्हा 'दादा' झाले. ती त्यांची केशरताई.

मांडणीवरच्या भांड्यांवर तिची नजर पहिल्या दिवसापासून होती.

"दादा, या भांड्यांची कल्हई पार गेलीया की. ताक ठिवलं तर कळकंल."

"त्यात ताक ठेवायचंच नाही, ताई."

"मग काय ठिवायचं?"

"काही नाही. बघायची."

आईनं माझ्याकडे पाहिलं. बाईमाणूस घरात नसलं की पुरुषांचं असंच होतं, असं त्या नजरेत होतं.

नवरात्र आलं. आमच्याकडे घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातलं पांघरुणापासून पळीपर्यंत सगळं बाहेर काढायचं, धुवायचं, घासायचं. घटाच्या दिवशी घरात मळलेलं काही राहता कामा नये. काकू नाहीत, घर तसंच राहिलंय, आणि या माणसानं आपल्या लेकाला वर्षभर सांभाळलंय. आईजवळ द्यायला दुसरं काय होतं? एका गुरुवारी काका गाडी दुरुस्तीला टाकून दिवसभर तिथंच बसून होते. संध्याकाळी मी आईला न्यायला पोचलो तेव्हा तेही नुकतेच दारात उतरत होते. आम्ही दोघं बरोबरच मागच्या ओट्यावर गेलो.

चादरीवर, उतरत्या उन्हात, सहाही मापं ओळीनं उपडी घातलेली होती. चांदीसारखी. डोळ्यांना त्रास होईल इतकी.

"सकाळधरनं घासतीया," आई म्हणाली. तिचा चेहरा फुलून आला होता. "चिच सपली. मग लिंबं घेतली, मीठ घेतलं, तारंची घासनी घेतली. लई हट्टी भांडी, दादा. पर सोडली न्हाईत."

काकांनी पाइंटाचं माप उचललं. अंगठा तळावरून फिरला. पुन्हा फिरला. मग त्यांनी क्वार्ट उचललं, मग गॅलन. प्युटर मऊ असतं. मुळात पुसट झालेले शिक्के तारेच्या घासणीपुढं किती टिकणार?

"खाली बी घासलंय," आई म्हणाली. "खालीच लई काळं हुतं."

काका गॅलन जपून खाली ठेवून म्हणाले, "बोटं बघू, ताई." तिची बोटं फुगली होती, नखांच्या कडा फाटल्या होत्या. ते आत गेले, मलमाची ट्यूब घेऊन आले आणि तिच्या हातात दिली. "फार कष्ट घेतलेत."

गाडीपाशी आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला कळता कामा नये."

"काका, शनिवारी त्या बाई..."

"शनिवारचं मी बघतो. तू तिला काही बोलायचं नाहीस. शपथ घालत नाही, पण बोलायचं नाहीस."

शनिवारी बाई आल्या. पांढऱ्या केसांच्या, मृदू बोलणाऱ्या. पाहुण्या येणार म्हणून आईनं शिरा केला होता आणि ती स्वयंपाकघराच्या दारात पदर सावरून उभी होती. बाईंनी हातमोजे घातले, पहिलं माप हातात घेतलं आणि तशाच थांबल्या. मग खिडकीशी नेऊन, तिरपं धरून, भिंगातून तळ पाहिला. एकेक करून सहाही पाहिले.

"ही कुणी साफ केली?"

"मी," काका म्हणाले.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही? तुम्ही मला त्या पृष्ठभागावर दीड पान लिहिलं होतं."

बाईंची नजर दाराकडे गेली, आईच्या चेहऱ्यावर, मग तिच्या मलम लावलेल्या बोटांवर. त्यांनी पुढं काहीच विचारलं नाही. हळू आवाजात सांगितलं की फोटोतलं शिक्क्याचं भांडं आणि हे भांडं एकच, हे आता दाखवता येणार नाही. अशा स्थितीत संग्रहालय ती अमेरिकन म्हणून मांडू शकत नाही. त्यांना फार वाईट वाटतंय. शिरा मात्र त्यांनी सगळा खाल्ला आणि आईला खुणेनं छान म्हणाल्या.

गाडी गेल्यावर आई पुढं आली. "काय म्हनली बाई?"

मी खाली बघत होतो.

"नेणार म्हणाल्या," काका म्हणाले. "काचेत ठेवणार आहेत."

आईनं हात जोडले, कुणाला ते मला कळलं नाही.

नोव्हेंबरात ती करमाळ्याला परत गेली आणि दादांची भांडी काचेत ठेवल्याचं तिनं गल्लीत सगळ्यांना सांगितलं. दर रविवारी मी फोन लावायचो तेव्हा ती काकांशी बोलायचा हट्ट धरायची, म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन फोन लावायचो. "दादा, येत्यात का मानसं बघायला?" पहिल्यांदा काका म्हणाले, "येतात." दुसऱ्यांदा म्हणाले, "हो, हो." मग ते फोनवर येईनासे झाले. कधी झोपलेत, कधी अंघोळीला गेलेत, कधी समोर बसलेले असून हातानं नाही म्हणायचे.

सुनंदाकाकूंनी एकदा मला स्वयंपाकघरात सांगितलं, "तिचा राग नाही रे त्यांना. ते म्हणतात, तिच्याशी बोललं की दर वेळी तेच खोटं पुन्हा सांगावं लागतं. एकदा सांगितलं ते निभलं. रोज नाही जमत." आणि म्हणाल्या, "आयुष्यभर माझ्या आमटीतलं पाणी अंदाजे म्हणून भांडला हा माणूस."

मापं खोक्यात घालून बेसमेंटमध्ये गेली. मांडणीवर काकूंनी नातवाचे फोटो लावले. रविवारी मी विचारायचो, काका, ओहायोत लिलाव आहे. "तू जाऊन ये," म्हणायचे. मी एकटा जाऊन काय करणार? मला शिक्का अंगठ्यानं कळत नाही. बाजारात जाणं थांबलं तसं त्यांचं बोलणंही कमी झालं. मंडळाच्या कोजागरीला ते पुढच्या रांगेत बसू लागले आणि जो पेला समोर येईल तो पिऊ लागले.

२००८ मध्ये त्यांच्या लेकीनं हट्टानं दोघांना सिअ‍ॅटलला न्यायचं ठरवलं. घर रिकामं करायला सप्टेंबरमध्ये त्यांनी दारासमोर सामान मांडून विकायला काढलं. मी टेबलं लावायला गेलो होतो. कुकर, बर्फ उपसायचं फावडं, जुने टायर आणि त्यांच्या शेवटी ती सहा मापं. मी म्हणालो, काका, ही मला द्या. "तू काय करशील? तुझ्या घरी आई आली की तिला दिसतील," म्हणाले.

एक तरुण बाई थांबली. तिनं क्वार्ट उचललं. "किती सुंदर! नवीन आहेत का?"

"जुनी आहेत," काका म्हणाले. "पण ते मला सिद्ध करता येणार नाही."

तिला तो विनोद वाटला. फुलं ठेवायला म्हणून तिनं सहाही घेतली. काकांनी एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलं, मोठ्यात लहान, लहानात त्याहून लहान असं नीट बसवून दिलं आणि बजावलं, "यातून काही प्यायचं नाही. शिसं असतं." ती गाडीकडे निघाली तेव्हा तिनं पिशवी गुडघ्यावर आदळली, आत ठण्ण वाजलं, आणि काकांनी मान किंचित तिरपी केली. ऐकल्यासारखी. मग ते टेबल मिटवायला वाकले आणि मला म्हणाले, "त्या बाजूनं धर."

मी त्यांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. सिअ‍ॅटलहून काकू फोनवर बोलायच्या, काका यायचे नाहीत. डिसेंबरात मी रजेवर गावी गेलो आणि आईनं मला समोर बसवून जे विचारलं, त्यानंतर मी करमाळ्याहून काकांना हे पत्र लिहिलं.

ती. मधुकाकांना सा. न.

मी तुमचं ऐकलं नाही. तीन वर्षं ऐकलं, परवा मोडलं.

आईनं विचारलं, "दादा माज्यावर रागावल्यात का?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग बोलत का न्हाईत? माज्याकडनं काय झालं?" ती हे इतकी वर्षं मनात घेऊन बसली होती. शेवटी मी तिला सगळं सांगितलं. शिक्के, ती बाई, तुम्ही 'मी घासली' म्हणालात ते, आणि भांडी कुठं गेली तेसुद्धा.

तिनं उठून भाकरी टाकल्या. रात्री जेवली नाही. सकाळी म्हणाली, "त्यांनी तवाच मला चार शब्द बोलायला पायजे हुते. बोलले न्हाईत, आन मग तीन वर्सं एकटेच सोसत बसले. येवढं कशाला केलं माज्यासाटी?" मला माहीत नाही, एवढंच म्हणालो.

गल्लीत ज्यांना ज्यांना तिनं काचेच्या कपाटाचं सांगितलं होतं, त्यांच्या घरी ती काल जाऊन आली. मी नको म्हणत होतो. तिनं सगळ्यांना सांगितलं की भांडी माझ्या हातानं बिघडली आणि दादांनी आळ आपल्यावर घेतला. आता या गल्लीत तुमच्या नावावर काही खोटं उरलेलं नाही, काका. तिच्याशी बोलताना तुम्हाला काही जपून बोलावं लागणार नाही.

तिला माफी मागायची आहे असं मला वाटलं होतं. पण ती म्हणते, माफीचं नंतर बघू. दादांचं मला रागवायचं राहिलंय, ते आधी उरकू दे. मनात ठेवलं की माणूस आजारी पडतं, असं तिचं म्हणणं आहे. काकू सांगतात की तुमचं जेवण कमी झालंय, तेही मी तिला सांगितलं आहे.

पत्र पोचायला दोन आठवडे धरले आहेत. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, तुमच्या सकाळी, आम्ही फोन करू. मी तेव्हा ट्रॉयला परतलेला असेन, दोन्ही फोन मी जोडून देईन आणि मध्ये बोलणार नाही. काकूंना उचलू देऊ नका. तुम्ही उचला आणि तिला रागवा. ती तयार होऊन बसलेली असेल.

आपला,
दिलीप